माझं वाक्य मीच पुरं करणार

पेणला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. घडवणं-रंगवणं धाकट्या दिराकडे, ऑर्डर घेणं माझ्याकडे. उंची किती, बैठक कशी, सोंड कुठल्या बाजूला, सगळं माझ्या वहीत.

मला एमएस, म्हणजे मज्जासंस्थेचा आजार, झाल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांनी पायांची भीती घातली. पाय टिकले, शब्द अडकायला लागले. पितांबर डोळ्यांपुढे दिसतं, नाव येत नाही. मी आपली स्वतःच्या साडीवर हात आपटत बसते. दमले की जीभही जड होते. एका गिऱ्हाइकाने दिराला हळूच विचारलं, "वहिनी घेतात का हो?" मला ऐकू गेलं. उत्तर जुळवायला वेळ लागला, पण दिलं. "घेते. चहा. तुम्हाला सांगू?"

लोकांना थांबायला धीर नसतो. ते आपलाच शब्द पुढे करतात आणि मान हलवली की सुटका होते. ती सवय मी लावून घेतली, हे मान्य.

जुलैत रोह्याशेजारच्या वरसेहून फोन आला. त्या घरी वर्षानुवर्षं उजव्या सोंडेचा गणपती. त्याचं सोवळं कडक. ते सांभाळणाऱ्या सासूबाई आता अंथरुणाला, सून धाटावला कंपनीत शिफ्टवर. सून म्हणाली, "यंदा डावीच द्या, आम्हाला झेपायचं नाय." मी वहीत लिहिलं आणि दिराला सांगायला गेले.

"वरसेवाल्यांची... यंदा..."

"उजवीच ना? नेहमीची. कळलं."

मी दमले होते. मान हलवली.

पंधरा दिवसांनी वही घेऊन मूर्ती तपासत होते. वरसेची चिठ्ठी लावलेली मूर्ती उजव्या सोंडेची. रंग झालेला, फक्त डोळे आखायचे बाकी.

दीर भडकला. "वहिनी, मान तुम्हीच हलवलीत. आता नाय जमायचं तुम्हाला. सोमवारपासून फोनवर आमची ही बसेल. तुम्ही घरी आराम करा."

लग्न होऊन आले तेव्हापासून फोनजवळच्या त्या खुर्चीवर मी बसते. आराम कुणी मागितला होता?

"मान हलवली, ती माझी चूक," मी म्हणाले. "पण वाक्य... माझं होतं. तू..."

"मध्ये बोललो, असंच ना?"

"परत!" मी ओरडले. हा शब्द बरा पटकन आला.

कोपऱ्यात डोळे आखत बसलेले म्हातारे कारागीर हसले. "अरे, बोलू दे की तिला. डोळे आखताना मी तुझा हात ढोसला तर चालंल काय?"

दीर माझ्याकडे वळला. मी सावकाश, एकेक शब्द शोधून सांगितलं. "तू थांबला नाहीस. आजपासून थांबायचं. मी पण... नुसती मान हलवणार नाही. खुर्ची सोडत नाही." मध्ये दोनदा त्याचे ओठ हलले. मी बोट वर केलं, तो थांबला.

जादा मूर्तींमधून तेवढ्याच उंचीची डाव्या सोंडेची मी शोधली आणि चिठ्ठी तिला लावली. उजवीला गिऱ्हाईक मिळेल, नाहीतर राहील.

तेवढ्यात फोन वाजला. दिराचा हात पुढे आला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. हात मागे गेला.

"नमस्कार," मी म्हणाले. "मला शब्दाला वेळ लागतो. फोन ठेवू नका आणि मध्ये बोलू नका. सांगा, सोंड कुठली?"