चष्म्यातला ठोकळा

मंगळवारी सुजाता गेली. रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मी बोललो. एक गोष्ट सोडून बोललो — ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो आहे.

सुजाता माझी विद्यार्थिनी. पुढे आमच्याच तंत्रनिकेतनात, माझ्या शेजारच्या हॉलमध्ये, ड्रॉइंग शिकवायला आली. मी आयुष्यभर लाकडी ठोकळा हातात धरून, फिरवून दाखवत, फळ्यावर त्याची समोरून, वरून, बाजूने दिसणारी दृश्यं काढत आलो. मुलं जांभया देत, पण शिकत. मग तिने व्हीआरचे चष्मे आणले. चष्मा घातला की ठोकळा हवेत उभा राहायचा. मुलं त्याच्याभोवती फिरायची, आत डोकं घालून भोकं बघायची. तिच्या हॉलमधून हसण्याचा आवाज यायचा. ड्रॉइंगच्या तासाला — हसणं? माझीही मुलं तिच्या दाराशी जाऊन उभी राहायची.

स्टाफरूममध्ये मी म्हणालो, "आता पेन्सिलीला टोक करायलाही चष्मा लागेल." सगळे हसले. तीही हसली, अगदी मोकळेपणाने — मला तेही सहन झालं नाही.

तुम्हाला कधी आपल्याच विद्यार्थिनीचा मत्सर वाटलाय? मी माझा फार नीटनेटका ठेवला होता. कुणाला दिसला नसता.

एकदा ती माझ्याकडे आली. "सर, सरावाचा भाग नवीन टाकलाय. बघाल एकदा? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

मी चष्मा घातला. ठोकळ्याभोवती एक काचेची पेटी होती, तिच्या बाजूंवर त्याची दृश्यं उमटलेली. ती उलगडून सपाट झाली आणि वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या वर जाऊन बसलं. आपल्याकडे ते खाली काढतात. वर काढायची पद्धत परदेशातली, आणि ॲपही तिकडचंच. एक सेटिंग बदलायचं राहिलं होतं. एवढंच.

मी किती वेळ थांबलो? फार नाही. चष्मा काढला आणि म्हणालो, "छान झालंय."

का म्हणालो — ते मला तेव्हाही माहीत होतं. ती एकदा पडायला हवी होती.

फळ्यावर तिने बरोबरच शिकवलं होतं. पण मुलांचा हात वळला तो चष्म्यात पाहिल्यासारखा. परीक्षेत शीटमागून शीट, दृश्य वरच. तिचा निम्मा वर्ग नापास झाला. प्राचार्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, हे तर पहिल्याच आठवड्यात शिकवतात ना?" ती म्हणाली, "चूक माझी आहे." मला दाखवलं होतं, हे तिने सांगितलं नाही. मी समोरच बसलो होतो — मी तरी कुठे सांगितलं? त्या दिवसापासून चष्मे बंद झाले.

जिन्यात तिने मला गाठलं. "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चष्म्यात गरगरतंच. म्हणून तुमच्याही लक्षात आलं नाही."

मी मान हलवली. पहिल्या खोट्यापेक्षा हे मला जास्त सोपं गेलं.

नंतर ती फळ्यावरच शिकवायची. त्यासाठी माझा एक ठोकळा मागून नेला. आजारी पडेपर्यंत तिने तो वापरला. तिच्या हॉलमधून आवाज येत नव्हता, आणि मला — हेही लिहायलाच हवं — बरं वाटत होतं.

रविवारी सभा संपल्यावर तिच्या नवऱ्याने पिशवीतून तो ठोकळा काढला. "अहो सर, हा तुमचा. सरांचा आहे, परत द्यायचाय, असं ती सारखी म्हणायची."

ठोकळा आता माझ्या टेबलावर आहे. चष्मे साठ्याच्या खोलीत आहेत. किल्ली माझ्याकडे असते.