दिसलं, सर

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो, कारण चहा निवला की ही गोष्ट सांगायची हिंमतही निवते. तीन वर्षांची बी.एस्सी. मी पाच वर्षं केली, नंदुरबारला, फिजिक्स घेऊन. घेतलं कशाला म्हणता? तेच तर मला आजवर कळलेलं नाही!

थिअरीचे पेपर एकेक करत सुटले. मागे राहिलं शेवटचं प्रॅक्टिकल. आमची शेती मिरचीची. वडिलांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "यंदा नही व्हयनं ते पथारीवर ये." पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालतात ते मैदान. दिवसभर उन्हात मिरच्या पलटायच्या आणि शिंकत बसायचं. मला तर एम.एस्सी. करायचं होतं. पोहता येत नाही आणि गडी निघालाय तापी ओलांडायला!

घोळ सुरू झाला तो रिंगांच्या प्रयोगापासून. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवायचं, सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड पाडायचा आणि वरून मायक्रोस्कोपमधून बघायचं. आत काळ्या-पिवळ्या रिंगा दिसतात. त्या मोजल्या की उजेडाची तरंगलांबी निघते. म्हणजे, निघते म्हणतात.

मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा नुसतं पिवळं दिसलं. मागे पंधरा पोरं रांगेत, शेजारी सर. माझ्या पुढच्या सगळ्यांनी हो म्हटलेलं. मग मी कोण लागून गेलो नाही म्हणणारा? सरांनी विचारलं, "दिसलं?"

"दिसलं, सर."

आता एकदा दिसलं म्हटल्यावर, काय दिसायला हवं होतं हे कोणत्या तोंडाने विचारणार? पण मीही चिवट. रोज लॅबमध्ये जाऊन डोळा लावायचो. डोळे बारीक करून करून शेवटी एक दिवस दिसल्याच! काळ्या, बारीक, वाकड्या रेघा. पुस्तकात पूर्ण गोल होते खरे, पण रिंग मोठी आणि मायक्रोस्कोपचं तोंड एवढंसं, मग तुकडाच दिसणार ना? मी मोजल्या. डाव्या डोळ्याने अठरा भरल्या, उजव्याने एकवीस. हा फरक कशामुळे पडतो, याचा मी आठवडाभर विचार केला.

रीडिंग मात्र जुन्या जर्नलमधून उतरवली. उत्तर इतकं चोख आलं की सर खूश झाले आणि म्हणाले, ज्युनियरना हा प्रयोग तूच दाखव. झालं, मी मास्तर झालो. डोळा अर्धा मिटा, श्वास रोखा, असं शिकवायला लागलो. पोरं बघायची, गोंधळायची आणि दिसलं म्हणायची.

एकटी रमिला अडली. मोलगीकडची, सेकंड इयरची. ती शांतपणे म्हणाली, "दादा, या आपल्याच पापण्या आहेत. डोळा हलवला की हलतात."

सुरुवातीला तसंच वाटतं, फिजिक्सला वेळ द्यावा लागतो, असं मी तिला समजावलं. ती बराच वेळ भिंग सरकवत बसली आणि मग मला काहीतरी दाखवायला बोलावू लागली. मी जागेवरूनच सांगितलं, काच मळली असेल, पुसून घे.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरगावचे परीक्षक. चिठ्ठी उचलली, तर रिंगा! मनातल्या मनात मी एम.एस्सी.चा फॉर्म भरूनही टाकला.

लॅब सांभाळणाऱ्या भटू नानांनी पाहुण्यांसाठी सगळं लख्ख करून, जुळवून ठेवलेलं. मी डोळा लावला. माझ्या रेघा गायब! मधोमध काळा ठिपका आणि त्याभोवती गोल गोल काहीतरी. नक्की कोणीतरी भिंगावर चहाचा ग्लास ठेवला होता. रुमालाने पुसलं. डाग सरकला, पण जाईना. फुंकर मारली. शेवटी थुंकी लावली, आता तुमच्यापासून काय लपवायचं?

नाना जवळ आले. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"नाना, डाग पडेल शे."

नानांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, ग्लास त्यांनीच ठेवला असणार. डोळ्यांपुढे पथारी दिसायला लागली. मी सरळ परीक्षकांकडे गेलो आणि भिंग बदलून मागितलं. त्यांनी उठून मायक्रोस्कोपला डोळा लावला, जरा भिंग सारखं केलं आणि मला परत मायक्रोस्कोपपुढे बसवलं.

"हा डाग मोजा," ते म्हणाले. "तुम्हाला त्याच्यासाठीच बोलावलंय."

मोजला. आयुष्यातली पहिली खरी रीडिंग, आणि उत्तर असं चुकलं की समोरचा पिवळा उजेड माझ्या वहीत हिरवा निघाला! परीक्षक वही बघून हसले आणि म्हणाले, हे निदान तुमचं स्वतःचं तरी आहे. काठावर का होईना, पास केलं. पथारी टळली.

बाहेर व्हरांड्यात रमिला उभी होती. तिने विचारलं, दिसलं का. पाच वर्षांत पहिल्यांदाच मी छाती काढून खरं बोललो, "दिसलं. पूर्ण गोल, मधोमध काळा ठिपका."

"हां, तोच," ती म्हणाली. "तुम्ही मला पुसायला लावला होता तो."