घुंगरांवरची चाल

वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावा पाय ओढायला लागला. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. शेतात गाडीत बसून जायला ते तयार नव्हते. जाईन तर माझ्या पायानं, एवढंच त्यांचं म्हणणं. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय कसा पडतो ते रोज लिहून ठेवा. नामांतराच्या आंदोलनात एसट्या कधी बंद पडतील याचा नेम नसे, त्यामुळे वालूरहून परभणीला महिना महिना जाणं होत नव्हतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. वही भरायचं काम मला आयतंच मिळालं.

पण मी बघतोय म्हटलं की दादा सोयरिकीला आल्यासारखे ताठ चालत, आणि माझी पाठ वळली की पाय पुन्हा फरफटे. न बघता चाल कळायला हवी होती. गोठ्यात पोळ्याच्या घुंगुरमाळा होत्या. उजव्या पायात मोठी घुंगरं बांधली, डाव्यात बारीक, म्हणजे आवाज वेगळे. आई संतापली, माणसाचा बैल करायलास का म्हणाली. दादांनी मात्र निमूट पाय पुढं केले.

मी आतल्या खोलीत बसून ऐकायचो. मोठ्या आवाजाला रेघ, बारीक आवाजाला टिंब, आणि मध्ये जेवढा वेळ जाईल तेवढी जागा मोकळी. सुरुवातीला प्रत्येक टिंब उशिरा येऊन पुढच्या रेघेला चिकटायचं. महिनाभरात ते दोन रेघांच्या मधोमध आलं. मला कोण आनंद झाला! सगळं श्रेय मी मालिशच्या तेलाला देऊन टाकलं आणि घुंगरं सोडली.

दुसऱ्याच दिवशी अंगणातून फरफट ऐकू आली. तेल तेच, मालिश तीच. घुंगरं बांधली, चाल सुधारली, सोडली, बिघडली. तीनदा करून पाहिलं. मग जे आधीच विचारायला हवं होतं ते दादांना विचारलं, घुंगरांनी असं होतं तरी काय?

"जन्मभर बैलाची चाल आवाजावरून वळखली," ते म्हणाले. "मागं न बघता सांगायचो, कोणता लंगडायलाय. आता माझंच मला ऐकू यायलंय. चुकलं की सुधारतो."

मला माझीच लाज वाटली. ऐकणारा मी एकटाच आहे असं मी धरून चाललो होतो.

आता शेत गाठायचं तर भर गल्लीतून घुंगरं वाजवत जावं लागणार होतं. लोक हसतील, वरून चिंधी गुंडाळू, आवाज दबेल, असं मी सुचवलं. दादांनी मलाच विचारलं,

"आवाज दाबल्यावर मी चालू कशावर?"

सकाळी आम्ही निघालो. पारावरची बोलणी थांबली, कोणीतरी हसलंही. मी मुद्दाम पुढं चाललो होतो, मागं न बघता. गाव संपलं, पाणंद लागली. वळणावर घुंगरं एकदम थांबली.

मागून दादांचा आवाज आला, "थांब जरा. शेत दिसायलंय."