फायनलला जर्सी मी धरली होती

आमचा खो-खो संघ आंतरमहाविद्यालयीन फायनलला एकदाच पोचला आणि हरला. कोणामुळं, हे आमच्या कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा. कॅप्टनकडंच बोट दाखवेल. तो वेळेवर मैदानात शिरलाच नाही, असं सगळे सांगतात. मी कोच होतो आणि ही गोष्ट पहिल्यांदा मीच सांगितली. ती खोटी आहे.

खो-खोत तिघं तिघं पळायला उतरतात. ते बाद झाले की पुढच्या तिघांनी लगेच आत शिरायचं. दोन खो पडेपर्यंत जो शिरला नाही, तो न पळताच बाद. आमचा कॅप्टन दुसऱ्या तुकडीत होता. देवगाव रंगारीचं पोरगं. खांबाला असा वळसा घालायचं की मागचा तोंडावर पडायचा. तो रेषेवर उभा राहिला आणि मला उपदेशाची उबळ आली. कोच लोकांना ती येतेच; स्वतः कधी धड न खेळलेल्यांना जरा जास्त. मी त्याची जर्सी मागून धरली आणि खांबाजवळ रेंगाळू नको, डावीकडं हूल दे, असं काहीबाही सांगत सुटलो.

"सर, सोडा!" तो ओरडला.

"अरे, ऐकून तर घे. घाई करू नको."

तोवर दोन खो पडले. पंचांनी शिट्टी मारली. एका गुणानं हरलो.

प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पोराचं लक्ष नव्हतं." पोरगं शेजारीच उभं होतं. खाली बघत राहिलं. गुरूला खोटं पाडायचं नसतं, ही घाण शिकवण आम्हीच दिलेली.

पुढं तो वाळूजला कारखान्यात लागला, बजाजनगरला घर केलं. मी आदर्श क्रीडाशिक्षक झालो. शाली इतक्या मिळाल्या की बायको त्यांनी कूलर झाकते.

यंदा त्याची मुलगी आमच्याच कॉलेजच्या संघात आली. सगळ्यांत चपळ. तरी सध्याचे क्रीडा संचालक, माझेच विद्यार्थी, तिला कॅप्टन करेनात. "बापानं फायनल घालवली, पोरीच्या हाती संघ कसा देऊ?" असं हसत म्हणायचे, पण द्यायचे नाहीत. मी निवृत्त झालो तरी संध्याकाळी मैदानावर फिरायला जातो. तिथं तिनं मला गाठलं.

"सर, बाबांचं खरंच लक्ष नव्हतं का हो? घरी विचारलं तर भरल्या ताटावरून उठतात."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या संघासमोर खरं काय ते सांगितलं. संचालकांचे डोळे भरून आले. "बघा पोरींनो, सरांचं मन! शिष्यासाठी दोष अंगावर घेतायत." टाळ्या पडल्या. माझं खोटं चटकन खपलं होतं. खरं कोणी घेईना.

ती पोरगी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिनं मैत्रिणींना खो-खोच्या चौकोनांत बसवलं, एकीला खो द्यायला उभं केलं आणि स्वतः रेषेवर जाऊन उभी राहिली. "धरा जर्सी, सर. बाबांना जे सांगितलं व्हतं, तेच सांगा."

मी सुरू केलं. हुलीपर्यंतही पोचलो नाही, तोच मैदानातून एक खो आला आणि लगेच दुसरा. पोरी पोट धरून हसल्या. संचालक हसले नाहीत. त्यांनी तिला तिथंच कॅप्टन केलं.

तिनं लगेच बापाला फोन लावला, स्पीकरवर. तो शिफ्टच्या बसची वाट बघत होता. मी सगळं बोललो, माफी मागितली.

"लई लवकर सांगितलंत की सर," तो म्हणाला. "माझा बाप असता तर त्यालाबी सांगितलं असतं. तो लोकांना तोंड देऊन देऊन गेला." मग बस आली म्हणून त्यानं फोन ठेवला.

पोरीनं मोबाइल खिशात टाकला. "सर, रविवारी मॅच हाय. या तुम्ही. पण संघाच्या बाकावर नाय, तिकडं पायऱ्यांवर बसा."

मी बरं म्हणालो.