जावयाच्या गाडीचं चाक

शेतातल्या ठिबकच्या नळ्यांत साचलेला पांढरा क्षार ॲसिडने धुवायला काढला की त्या उग्र वासाने बावड्याच्या आमच्या अंगणातली एक दुपार आठवते. लग्नानंतर पहिल्यांदाच आलेला जावई जेवून आत झोपला होता. त्याच्या गाडीच्या चाकांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते. ते काढून जावयाला खूश करावं म्हणून ह्यांनी तेच ॲसिड चिंधीने एका चाकावर फासलं. “ठिबकचं पांढरं जातं, मग ह्याचं का न्हाय जाणार?” चाक फसफसलं आणि चकचकीत ॲल्युमिनियम बघता बघता काळपट पडलं. मी ह्यांचा हात मागे ओढून चाकावर पाण्याची नळी धरली, पण काळं हटेना. लेकीचा चेहरा उतरला. गाडी तिच्या सासऱ्यांची, जिवापाड जपलेली. “अण्णा, आता बोलणी मलाच बसणार.” तेवढ्यात जावई दारात आला. तो चाकापाशी उकिडवा बसला, बोट फिरवून पाहिलं. “मामा, बाकीची तीन तेवढी ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “घरी सांगतो, मीच धुतली. तुमी कुणी काय बोलू नका.” मी चहा टाकायला आत गेले. लेकीच्या संसाराची काळजी मी त्या दुपारी सोडली, ती आजवर पुन्हा करावी लागली नाही.