पास या शब्दाचे अर्थ

नागपूरच्या विमानतळावर बाबांना दारातच थांबवलं. तिकीट असेल त्यालाच आत सोडतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. देवळीहून भाड्याच्या गाडीत मांडीवर माझी फाइल धरून बसलेले ते. दारावरच्या जवानाला म्हणाले, "साहेब, माही पोरगी इंग्रजीत पास झाली. नर्स म्हणून लंडनले चालली." त्यानं मान हलवली. मी लंडनला नव्हते चालले, लंडनपासून चार तासांवरच्या एका गावी चालले होते. पण बाबांना लंडन सांगायला सोपं जायचं.

इंग्रजीच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. दिवसभर दवाखान्यात ड्युटी करायची आणि संध्याकाळी सिंदी मेघेच्या खोलीवर क्रियापदं पाठ करायची. क्लासच्या सरांनी दिलेल्या तक्त्यात प्रत्येक क्रियापदाची तीन रूपं आणि पुढे मराठीत एकच अर्थ होता. पास म्हणजे उत्तीर्ण होणे. तिसऱ्या वेळी मी खरंच उत्तीर्ण झाले, तेव्हा बाबांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गल्लीत पेढे वाटले.

इथं आल्यावर कळलं, की हा शब्द दिवसभर वॉर्डात फिरत असतो. चादर पास कर म्हणजे इकडे दे. पेशंटनं लघवी पास केली. आणि माणूस मेला, तर तोही पास्ड. आपल्याकडे दवाखान्यात एक्सपायर झाले म्हणतात. इथं तो शब्द औषधांच्या बाटलीसाठी आहे. हे सगळं मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. माहीत नव्हतं, असं म्हणून मला सुटता येत नाही.

डेरेक नावाचे एक म्हातारे गृहस्थ आमच्या वॉर्डात होते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी. त्या सकाळी त्यांची गिळण्याची तपासणी झाली आणि ते तीत पास झाले. दहा दिवसांनी पहिल्यांदा तोंडानं खाणार होते. मला फार आनंद झाला होता. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, लिंडाचा, फोन आला. बाबा कसे आहेत, तिनं विचारलं.

मी म्हटलं, "ही पास्ड धिस मॉर्निंग." आणि वर हेही म्हटलं, की तुम्ही येऊन त्यांना बघू शकता.

पलीकडून फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली असेल. पलीकडच्या खाटेवर बेल वाजत होती, मी तिकडे गेले.

अर्ध्या तासानं लिंडा आणि तिचा भाऊ आले. दोघांचे डोळे सुजलेले. पडदा उघडा होता. डेरेक उशीला टेकून चमच्यानं कस्टर्ड खात होते. लिंडानं खाटेचा कठडा धरला आणि ती हळूहळू खाली बसली. काय झालं, ते मला तेव्हा कळलं. मी तिच्याकडे धावले, सॉरी सॉरी म्हणत राहिले. तेवढ्यात तिच्या भावाचा फोन वाजला. त्यांच्या आईची शेजारीण बोलत होती. गाडीतूनच लिंडानं आईला कळवलं होतं. आई ऐंशीची. कोट आणायला घाईनं वर गेली आणि जिन्यावरून पडली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला आमच्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर आणलं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. तिसऱ्या आठवड्यात ती गेली. डेरेकना चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं, तेव्हा मी औषधांच्या खोलीत दार लावून उभी होते.

चौकशी झाली. मला लेखी समज मिळाली. कागदावर 'भाषेतील गैरसमज' असं लिहिलं होतं. लिंडा एकदाच बोलली. ती ओरडली नाही. म्हणाली, "तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला माहीत आहे. पण माझ्या वडिलांजवळ पुन्हा येऊ नकोस." मी दुसऱ्या वॉर्डात गेले.

घरी यातलं काही सांगितलं नाही. बाबा दर रविवारी विचारायचे, "इंग्रजी जमून राह्यलं न तुले?" मी म्हणायचे, हो बाबा.

दीड वर्षानं, जेवणाच्या सुट्टीत मंगेशचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. म्हणाला, "ताई, बाबा गेले."

मी सँडविचचा कागद काढत विचारलं, "कुठी? हिंगणघाटले? आत्याकडे?"

तो रडत म्हणाला, "ताई, असं काऊन बोलून राह्यली वं?"

तेव्हा समजलं. लिंडाला जे मरण नसताना ऐकू आलं, ते मला असून ऐकू आलं नव्हतं, आणि तेही माझ्याच भाषेत. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. दुकानाचं शटर खाली होतं. आई मला बघून म्हणाली, "मंग्यानं तुले नीट सांगतलं नाई वाटते." तिनं त्याला दोष दिला, मला नाही. लिंडाच्या आईबद्दल मी तिला तेव्हा सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तिचा नवरा आता कोनापाशी राह्यते?" मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

आता आपल्याकडून नव्या मुली येतात, त्यांना मी सांगते, माणूस मेला असेल तर मेला म्हणा. कठोर वाटलं तरी म्हणा. पास झाला म्हणायचं, तर कोणत्या तपासणीत, तिचं नाव घ्या. वाक्य अर्धं सोडू नका. त्या वहीत लिहून घेतात.

आणि मंगेशचा फोन आला, की तो हॅलोसुद्धा म्हणत नाही. आधी म्हणतो, "आई बरी हाय." मग बाकीचं. कपाशीला भाव नाही, नळाला पाणी नाही, त्याच्या पोरीला ताप आला. त्या तीन शब्दांपर्यंत मी जिथं असेन तिथं उभी राहते, ते ऐकले की खाली बसते. माझं घर आता तेवढंच उरलं आहे. एक दिवस तो फोन करेल आणि हे शब्द आधी म्हणणार नाही. त्या दिवशी मी त्याला काही विचारणार नाही.