पडद्याची खळ

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याच्या शेजारी माझ्या आत्यासारखंच कुणीतरी राहत असणार. आत्याला विजेची भीती वाटते, कुत्र्यांची वाटते, दारावरच्या घंटेची वाटते. पण सगळ्यांत मोठी भीती गिऱ्हाइकाची. आणि तिचा धंदा कोणता, तर कपडे धुण्याचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर गिऱ्हाईकच उभं.

दुकान तसं लहानच. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीचं लांब टेबल, आत धुलाईची दोन मोठी यंत्रं आणि कायम ओली असलेली फरशी. काउंटरवर मी बसते. मी तिच्या भावाची मुलगी आणि माझी जीभ जरा तिखट, म्हणून ती जागा मला मिळाली. पण डाग बघायचा म्हटलं की आत्यालाच बाहेर यावं लागतं. गिऱ्हाईक कपडा पसरून विचारतं, ‘‘जाईल का?’’ आत्या तो उजेडात धरते, उलटा करते, खालचा काठ चिमटीत घेऊन सगळा फिरवून बघते आणि म्हणते, ‘‘जाईल.’’ गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मग आत्या आत येऊन माझं मनगट धरते. ‘‘नाही गेला तर गं?’’

जातो. बहुतेक वेळा जातोच. तरी तिचे हात थरथरतात. एका गृहस्थाने एकदा कॉलर कडक झाली म्हणून तक्रार केली, पुढच्या खेपेला त्याच गृहस्थाने कॉलर मऊ झाली म्हणून केली. मी म्हटलं, ‘‘कॉलर बदलून भागणार नाही, मान बदलून आणा.’’ आत्याने त्याची दहादा माफी मागितली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. ‘एक गिऱ्हाईक तुटलं की दहा तुटतात’ असं आत्याचे यजमान म्हणायचे. ते गेले आणि हे वाक्य तिला वारसाहक्काने मिळालं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक छोटं नाट्यगृह आहे. तिथला व्यवस्थापक म्हणजे आत्याची पुरुषी आवृत्ती. प्रयोग संपला की तो दारात उभा राहून निघणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, ‘‘कसं वाटलं?’’ आता असं विचारल्यावर लोक गप्प बसतात होय? खुर्च्या कुरकुरतात. कॉफी थंड होती. मशाल खोटी दिसते, आत बॅटरी आहे हे कळतं. आणि पडद्यातून पांढरी भुकटी झडते, पहिल्या रांगेतल्यांचे काळे कोट पांढरे होतात. हा माणूस सगळं मनावर घेतो. मशाल खरी करायचं त्याने ठरवलं आणि पडदा आमच्याकडे पाठवून दिला.

पडदा जाड सुती मखमलीचा, हाताला करकरणारा, पुठ्ठ्यासारखा ताठ. झटकला की पांढरी धूळ उडायची. आत्याने तो चिमटीत चुरडला, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाली, ‘‘खळ आहे ही. कुणा अडाण्याने मखमलीला खळ घातलीय!’’ तिचं सगळं आयुष्य कपड्यांना खळ घालण्यात आणि काढण्यात गेलं. ताठ कापड आणि पांढरी भुकटी म्हणजे खळ, दुसरं काय असणार? तिने ती पुन्हा पुन्हा कोमट पाण्याने काढली. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबली नाही. उसवलेला काठ कापून नवा शिवला, गच्चीत सावलीत पडदा वाळवला. परत गेला तेव्हा तो सशाच्या पाठीसारखा मऊ होता. व्यवस्थापकाने गालाला लावून बघितला आणि आत्या त्या दिवशी चक्क हसली.

त्याच आठवड्यात नवं नाटक लागलं. दुपारचा खेळ, आणि आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत, कारण आत्याची मुलगी त्यात काम करत होती. तिला घरात आम्ही राणीसाहेब म्हणतो. आता ऑफिसात फायली सरकवत बसते, पण आपण रंगमंचावर राणी होणार, असं ती लहानपणापासून सांगायची. या नाटकात तिला काम मिळालं होतं ते निरोप्याचं. पण निरोप मोठा होता. दुसऱ्या अंकात हातात पेटती मशाल घेऊन, अर्ध्या सरलेल्या पडद्याला पाठ लावून तिने एकटीने बोलायचं होतं. खरी मशाल. बाहेरच्या पाटीवरसुद्धा तसं लिहिलं होतं.

पहिला अंक आत्याने नाटक म्हणून पाहिलाच नाही. ‘‘एक सुरकुती नाही बघ,’’ एवढंच ती मला पडद्याबद्दल सांगत होती.

मध्यंतरात रंगमंचाचे सुतारकाका आम्हाला भेटायला आले. कंबर धरल्यामुळे ते बरेच दिवस घरी होते, सकाळीच कामावर परतले होते. ‘‘पडदा अगदी नवा करून दिलात हो,’’ ते म्हणाले. ‘‘औषध परत कोणाकडून मारून घेतलंत?’’

‘‘कसलं औषध?’’ आत्याने विचारलं.

‘‘ते पांढरं. पाण्यात कालवून पडद्याला पाजतात ना, पेट घेऊ नये म्हणून. ते पाण्याने जातं. धुतला की पुन्हा द्यावं लागतं.’’ बोलता बोलता काकांचा चेहरा उतरला. ‘‘दिलंय ना?’’

आत्याने माझं मनगट धरलं, आणि या वेळी इतकं घट्ट की नखं रुतली. भरलेलं सभागृह, लाकडी रंगमंच, छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारा सुका कापूस आणि त्याला पाठ लावून उभी आमची मुलगी, हातात जाळ घेऊन. मला समोरच्या माणसांची डोकी दिसत होती. कुणी कॉफी पीत होतं, एक म्हातारी पर्समध्ये चष्मा शोधत होती. त्यांना सांगावंसं वाटलं की उठा, बाहेर पळा. पण आत्या मला ओढत बाहेर निघाली होती.

व्यवस्थापक तिकीट खिडकीपाशी होता. काकांनी त्याला सगळं समजावलं. तो आधी पांढरा पडला, मग चिडला. ‘‘आत्ता सांगताय? मध्यंतरात?’’

‘‘मशाल पेटवू नका,’’ आत्या म्हणाली.

‘‘अहो बाई, लोक मशालीसाठी आलेत! बॅटरीच्या मशालीला मागे लोक हसले होते माझ्या तोंडावर. दोन मिनिटांचा तर प्रवेश आहे. काही होत नाही.’’

‘‘मग निदान लोकांना सांगा,’’ मी म्हटलं.

त्याने माझा दंडच धरला. ‘‘तो शब्द इथे तोंडातून काढायचा नाही. दारं दोन आहेत. लोक आगीने नाही, एकमेकांच्या पायाखाली मरतील.’’ आणि मला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती याची, की या बाबतीत त्याचं खरं होतं.

मग रंगपटात राणीसाहेब. तोंडाला रंग, अंगात घोळदार लांब झगा, आरशासमोर निरोप पुटपुटत बसलेली. आत्याने तिचे दोन्ही हात धरले. ‘‘बाळा, आज ती मशाल नको घेऊस.’’

‘‘आई, प्लीज. आत्ता नको.’’

‘‘पडद्याचं औषध गेलंय. माझ्याच हातून गेलंय गं.’’

‘‘तुला इस्त्रीच्या वायरीचीसुद्धा भीती वाटते, आई! तालमीत रोज पेटवलीय मी मशाल. काय झालं?’’

‘‘तालमीत पडदा होता कुठे? तो आपल्या गच्चीत वाळत होता,’’ मी म्हटलं. पण तिने हात सोडवून घेतले होते. आयुष्यभर लांडगा आला रे आला म्हणून ओरडलेल्या बाईवर विश्वास कोण ठेवणार? पोटची मुलगीसुद्धा ठेवत नव्हती. पहिली घंटा झाली.

बाहेरच्या बोळात आत्या भिंतीला टेकली. ही आता चक्कर येऊन पडते, असं मला वाटलं. ती जमिनीकडे बघत होती. तिथे लाल बादल्या ठेवलेल्या होत्या, काहींत वाळू, काहींत पाणी.

‘‘ओलं कापड पेटत नाही,’’ ती म्हणाली. आणि बादली उचलून मिटलेल्या पडद्याच्या मागे गेली.

मखमल धुवायची तर अख्खी बुडवायची, नुसते शिंतोडे उडाले की ठसा राहतो, हे ती रोज लोकांना बजावते. आमच्या दुकानात वाळलेल्या मखमलीजवळ ओला हात नेला तर ती माझ्या हातावर चापट मारते. त्या बाईने पहिली ओंजळ भरून पडद्यावर फेकली तेव्हा मला रडूच आलं. ‘‘खालून!’’ ती दबक्या आवाजात सांगत होती. ‘‘खालून भिजवा, आग खालून वर जाते. ओलसुद्धा आपोआप वर चढते. मधला काठ, जिथे ती उभी राहणार तिथे जास्त!’’ मी मगाने, काका फरशीच्या कुंच्याने, आत्या ओंजळीने. पडद्यापलीकडे लोक जागांवर बसत होते, हसत होते, आणि अलीकडे आम्ही तिघं चोरासारखे पाणी फेकत होतो. दुसरी घंटा झाली. बादल्या संपल्या, काकांनी स्वच्छतागृहातून भरून आणल्या.

व्यवस्थापक धावत आला आणि जागीच थिजला. ‘‘बाई! हे काय केलंत! काय दशा केलीत पडद्याची! आजपासून तुमचं आमचं संपलं, समजलं?’’

‘‘बरं,’’ आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली आणि पुढची ओंजळ मारली.

तिसरी घंटा झाली. आम्ही विंगेत सरकलो. पडदा पाण्याने इतका जड झाला होता की दोरी ओढणाऱ्याची दमछाक झाली. तो कुरकुरत अर्धा सरकला आणि टपटप गळू लागला. पहिल्या रांगेत कुणीतरी पाय वर घेतले. लोक खुसुखुसू हसले. आणि त्या हसण्यातच राणीसाहेब मशाल घेऊन आली.

तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा तो जाळ मला माणसाच्या डोक्याएवढा दिसला. ती ओल्या फळ्यांवर सरकली, सावरली, पडद्याला पाठ लावून उभी राहिली. झग्याचा घोळ पाण्यात भिजून तिच्या पायांत येत होता. ती बोलू लागली. काय बोलली, मला विचारू नका. मी फक्त मशाल बघत होते. ती हातवारे करायची तसा जाळ मागे झुकायचा, पडद्याच्या दिशेने. चिंध्यांतून पेटतं तेल ठिबकत होतं. एक थेंब समोर फळीवर पडून विझला. दुसरा तिच्या मागे गेला. कुठे पडला ते दिसलं नाही. चर्र असा आवाज आला, की मला तसा भास झाला, कोण जाणे. आत्या माझ्या शेजारी भरलेली बादली छातीशी धरून उभी होती. ओठ मिटलेले, डोळे लेकीवर. थरथर कापत होते मी. ती नव्हती.

निरोप संपला, मशाल विंगेत आली. काकांनी ती ताबडतोब वाळूत खुपसली. मी तिथेच ओल्या फळीवर बसले.

झालं काहीच नाही. म्हणून मग तक्रारी झाल्या. दारात व्यवस्थापकाने ‘‘कसं वाटलं?’’ विचारलं, तर लोक म्हणाले की नाट्यगृह गळतंय. एका बाईंचे चामडी बूट भिजले होते. मशालीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. राणीसाहेब आमच्याशी न बोलता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली आणि झगा काउंटरवर फेकला. ‘‘धुऊन द्यायचाय. घोळ चिंब झाला होता, पायात येत होता. माझ्या एवढ्याशा कामावर लोक हसले, आई. इतकी वर्षं वाट बघितली होती मी. आणि पाणी ओतलं नसतंस तर काय होणार होतं? सांग ना!’’

पडद्याच्या उसवलेल्या काठाची कापून टाकलेली चिंधी आत्याने टोपलीतून शोधून काढली. पडद्याबरोबरच धुतली गेलेली. तिने ती चिमट्यात धरली, मोरीवर नेली आणि काडी लावली. सुर्रकन जाळ वर आला. चिमटा सोडायलासुद्धा वेळ मिळाला नाही, आत्याने हात मागे घेतला तेव्हा मोरीत फक्त काळी राख होती.

राणीसाहेब वाकून राखेकडे बघू लागली. मग म्हणाली, ‘‘पण माझी मशाल इतकी जवळ आलीच नव्हती.’’ मुलगी हट्टी आहे, आमच्याच घरातली आहे.

आत्या काउंटरशी परत आली. कपडा समोर आहे म्हटल्यावर तिचे हात आपोआप चालू लागले. झगा उजेडात धरला. उलटा केला. खालचा काठ चिमटीत घेतला आणि फिरवत फिरवत मागच्या बाजूला आली. तिथे थांबली. काठाच्या जरा वर एक भोक होतं, त्यातून तिचं बोट आरपार आलं. कडा काळ्या, कोळशासारख्या, आणि लगेच पलीकडे पाण्याचा डाग. जाळ तिथपर्यंत गेला होता आणि ओलीपाशी थांबला होता.

लेकीने ते बोट पाहिलं. ती हळूच मागे वळली आणि आपल्या पोटरीला हात लावून बघितलं, जणू अजून झगा अंगात आहे.

‘‘आई,’’ ती अगदी लहान आवाजात म्हणाली, ‘‘जाईल का गं?’’

‘‘नाही,’’ आत्या म्हणाली. गिऱ्हाइकाला ती हा शब्द म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग तिने झगा खाली ठेवला, लेकीला काउंटरवरूनच ओढून छातीशी धरलं, आणि तेव्हा कुठे तिचे हात थरथरायला लागले. ते थांबेचनात.